भात्याची गाडी आणि तिसरं कलम

किस्से मुद्दाम गोळा करावे लागतात असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. एक शेड घ्या, तीत एक न चालणारी गाडी ठेवा, भोवती चहा पिणारी चार माणसं बसवा. लोणावळ्याच्या हवेत लोखंडाला गंज चढतो तसे किस्से आपोआप चढतात. परवा नातवाला एक सांगायला बसलो, तर त्याच्या पोटातून दुसरा निघाला, दुसऱ्यातून तिसरा, आणि पानावरचा भात थंड झाला. सूनबाई म्हणाली, "बाबा, लिहूनच काढा आता." तिचा हेतू माझं तोंड बंद करण्याचा होता, हे मला कळतं. तरी लिहितो.

शेड गुलाबभाई मुलाणींची. म्हणजे जागा मुंबईच्या एका बॅरिस्टरसाहेबांची, त्यांच्या बंगल्यामागची. पण गाडीखाली उतरून काम करायला लागतो तो खड्डा गुलाबभाईंनी स्वतः पहारीने खणला होता, दोन उन्हाळे कातळ फोडून. वीस वर्षं घाटात लॉरी चालवून मग ते मेकॅनिक झालेले. दुसरे नाना लिमये, आमच्या शाळेत सायन्स शिकवायचे आणि शाळा सुटली की इंग्रजी मोटार-मासिकं वाचायचे. तिसरे वडिवळ्याचे धोंडिबाआबा लोहार. आठवड्याच्या बाजाराला फाळ, कोयते घेऊन यायचे आणि परतताना आमच्याकडे चहाला थांबायचे. चौथा मी, ड्रॉइंग मास्तर.

घाटातल्या नाल्यात पडलेली एक छोटी विलायती गाडी गुलाबभाईंनी वर काढली होती. तिचा सांगाडा आणि इंजिन घेऊन दोन माणसांची, बुटकी, वाऱ्यासारखी पळणारी स्पोर्ट्स गाडी घरीच बनवायची, असं आमचं ठरलं. तिचं चित्र मी काढलं होतं आणि ते फार सुंदर होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कोणी सांगणार नाही.

*

लढाई संपली आणि लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं. गुलाबभाई गेले होते टायर आणायला. आले ते मेणकापडात गुंडाळलेलं एक धूड खांद्यावर घेऊन.

"काय आहे हे?" नानांनी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. म्हणून तर आणलं."

नानांनी आठ दिवस मासिकं चाळली. मग सांगितलं, की हा विमानातला हवा कोंबायचा पंप आहे. विमान उंच गेलं की हवा विरळ होते, तेव्हा हा फिरतो आणि आत हवा दाबून भरतो. तोच मोटारीच्या इंजिनाला जोडला तर इंजिनात जास्त हवा, जास्त पेट्रोल, आणि दीडपट ताकद. विलायतेत शर्यतीच्या गाड्यांना असे पंप लावतात.

गुलाबभाई शांतपणे म्हणाले, "मग आपल्याला लागणारच. लोणावळा उंचावर आहे."

नाना उंचीबद्दल समजावू लागले. तोवर गुलाबभाईंनी पाना हातात घेतला होता.

*

नाताळात बॅरिस्टरसाहेब बंगल्यावर आले. दुपारची झोप मोडली म्हणून शेडमध्ये आले आणि म्हणाले, "मुलाणी, मी मोठी गाडी घेतोय. ती ठेवायला ही शेड मला लागेल."

गुलाबभाईंच्या हातातला पाना तसाच राहिला. असा खड्डा लोणावळ्यात दुसरा नव्हता, आणि तो काही उचलून नेता येणार नव्हता. शेड गेली की धंदा गेला. शेडच्या मागच्या खोलीत त्यांची म्हातारी आई राहायची, तिचाही प्रश्न होता.

अशा वेळी गप्प राहावं एवढं नानांना कळायला हवं होतं. ते म्हणाले, "साहेब, तुमची नवी मोठी गाडी घाटात दोनदा पाणी मागेल. आमची ही खोपोलीहून खंडाळ्याला एका दमात येईल."

साहेबांनी गाडीकडे पाहिलं. तेव्हा ती चार दगडांवर उभी होती आणि तिला पुढचं चाक नव्हतं.

"लेखी देता?" साहेब म्हणाले.

बॅरिस्टरच ते. तिथेच कागद केला. कलम एक, मे महिन्यात खोपोली ते खंडाळा चढायचं. कलम दोन, साहेब स्वतः शेजारी बसणार. गाडी पोहोचली तर शेड गुलाबभाई हयात असेपर्यंत त्यांच्याकडे. कलम तीन, वाटेत कोणत्याही कारणास्तव गाडीचं चाक थांबल्यास शेड पंधरा दिवसांत मोकळी करून द्यावी.

"पंक्चर झालं तर?" नाना.

"कोणत्याही कारणास्तव."

"आन म्हस आडवी आली तर?" धोंडिबाआबा चहाच्या बशीतून म्हणाले.

"कोणत्याही कारणास्तव," साहेब म्हणाले, आणि ते शब्द त्यांनी पेनानं अधोरेखित केले.

*

पंप कसा चालतो हे नाना आबांना अर्धा तास समजावत होते. हवेचा दाब, स्फोट, पिस्टन, सगळं. आबांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी भाताच की ह्यो," ते म्हणाले.

"तसं नाही आबा. हे शास्त्र वेगळं आहे."

"आसंल. पर भाता लय मारला का लोखंड जळतंया. तेवडं बघा."

नाना हसले. पंपाचं नाव मात्र त्या दिवसापासून भाता पडलं, ते कायमचं.

पहिली चाचणी वळवणच्या सरळ रस्त्यावर झाली. गाडी अशी सुटली की माझी टोपी मागच्या मागे गेली. दोन मिनिटं आम्ही राजे होतो. मग इंजिनात कोणीतरी फुटाणे भाजतंय असा आवाज आला, पांढरा धूर निघाला आणि गाडी ढकलत आणली. इंजिन उघडलं तर पिस्टनच्या मधोमध भोक. आबांनी पिस्टन उजेडात धरला आणि भोकातून नानांकडे पाहिलं.

"फाळ लय तापला तर आमी पान्याचा हबका मारतो," ते म्हणाले. "तुमी बी मारा."

"इंजिनात पाणी? आबा, पाण्याने आग विझते."

पंधरा दिवसांनी नाना एक मासिक घेऊन आले. चेहरा उतरलेला. लढाऊ विमानांच्या इंजिनात म्हणे लढाईत पाणी सोडत होते, ताकद वाढवून इंजिन जळू नये म्हणून. आम्ही लगेच शाईची एक बाटली टांगली आणि तिच्यातून बारीक नळीनं थेंब थेंब पाणी आत सोडलं.

गुलाबभाईंनी मासिक उलटंपालटं करून पाहिलं.

"यात आबांचं नाव कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

*

भाता फिरवायला पट्टा लागतो. तसा पट्टा मुंबईत मिळेना. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचे मालक शंकरराव गाडीवर फार जीव टाकायचे. सोमवारी गिरणी बंद, म्हणून त्यांनी गिरणीचा चामडी पट्टा एका दिवसापुरता दिला.

नानांनी मोजमाप केलं, भात्याला बरोबर बसेल असा तुकडा कापला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पट्टा परत द्यायचा होता.

मंगळवारी सकाळी शेडसमोर बायकांची रांग. प्रत्येकीच्या कडेवर डबा. पुढे पार्वतीमावशी, जिच्यापुढे आमचे हेडमास्तरही हळू बोलायचे.

"गुलाब, गाडी मागनं उडव. आदी माजं दळान दे."

गुलाबभाईंनी डोकं चालवलं. उरलेला पट्टा आखूड होता, गिरणीच्या इंजिनापर्यंत पोहोचेना, म्हणून गाडीच उलटी गिरणीत घातली, जात्याला जवळजवळ चिकटवून. मागचं चाक उचललं, टायर काढला, पट्टा चढवला आणि इंजिन सुरू केलं. साधं इंजिन तेवढं ओढेना, म्हणून भाताही लावला. जातं गरगरलं, गिरणी पांढरी झाली आणि शंकरराव दिसेनासे झाले.

पार्वतीमावशीनं पिठात हात घातला आणि चटकन काढला.

"भाजूनच आलंय की," ती म्हणाली. "भाकरी करू का नुसतंच खाऊ?"

दुपारपर्यंत सगळ्यांची दळणं झाली आणि पिस्टन शाबूत राहिला. आबांचं पाणी लागू पडलं होतं. नानांनी वहीत लिहिलं, 'लोड टेस्ट यशस्वी.' वहीत 'भार' म्हणून एक रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'ज्वारी.'

*

भात्याचा आवाज चढत्या भोंग्यासारखा होता. लढाईच्या दिवसांत शाळेत हवाई हल्ल्याची कवायत असायची, भोंगा झाला की सगळ्यांनी बाकाखाली. लढाई संपली तरी मुलांची सवय गेली नव्हती.

एकदा माझ्या तासाला हेडमास्तर तपासणीला आले होते आणि तिकडे गुलाबभाईंनी गाडी सुरू केली. क्षणात वर्ग रिकामा. चाळीस मुलं बाकांखाली. हेडमास्तर टेबलाखाली.

"मास्तर," टेबलाखालून आवाज आला, "तुम्ही उभे कसे?"

"सर, आवाज ओळखीचा आहे."

ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर येऊन काय बोलायचं हे ठरत नसावं.

*

माझ्या सुंदर चित्रात एक चूक होती. ते काढलं तेव्हा भाता आमच्या स्वप्नातही नव्हता. त्यामुळे इंजिनावरचं झाकण लावलं की भाता एका बाजूनं बाहेर यायचा. नाना म्हणाले, नवं चित्र काढा. मी म्हणालो, नवा भाता आणा. दोन दिवस आम्ही बोलत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी गुलाबभाईंनी एक तांब्याचं मोठं पातेलं भात्यावर पालथं घातलं. असं बसलं की जणू त्याच्यासाठीच घडवलं होतं. दोन भोकं पाडायचीही गरज पडली नाही, काठाला कड्या होत्याच. येणारेजाणारे विचारायचे, हा विलायती पार्ट का? नाना सांगायचे, हो.

पातेलं गुलाबभाईंच्या आईचं होतं. तिला आम्ही चाची म्हणायचो. पिराच्या उरुसाच्या आदल्या दिवशी ती शेडमध्ये आली, कोणाला काही न विचारता पातेलं सोडवलं आणि घेऊन गेली. मलिद्याला लागतं म्हणाली. चार दिवस गाडी बोडकी होती. पातेलं परत आलं ते आतून नवी कल्हई होऊन, बाहेरून चिंचेनं लख्ख घासून.

"मोटारीला काळं भांडं बरं दिसत नाही," चाची म्हणाली. माझ्या चित्राची कोणी इतकी कदर केली नाही.

*

एप्रिलमध्ये घाटातल्या चाचण्या सुरू झाल्या. गाडी छान चढायची. खोपोली सोडली की वळणामागून वळण घेत अर्ध्या घाटात, शिंग्रोबाच्या देवळापर्यंत, न कुरकुरता. तिथं गुलाबभाई थांबायचे.

घाटाची वाट ज्यानं दाखवली त्या धनगराचं ते ठाणं. घाटातून जाणारा कोणीही असो, कुठल्याही धर्माचा, उतरतो, पैसा टाकतो, हात जोडतो आणि मग पुढे जातो. गुलाबभाईही उतरायचे, पैसा टाकायचे. परत येईपर्यंत तापलेल्या इंजिनात पेट्रोलची वाफ झालेली असायची आणि गाडी काही केल्या सुरू व्हायची नाही. तीनदा गेलो, तीनदा लॉरीच्या मागे दोर बांधून खंडाळ्याला आलो.

"गुलाबभाई, त्या दिवशी थांबू नका," नाना काकुळतीला आले. "कागद आठवा. कोणत्याही कारणास्तव."

"वीस वर्षं लॉरी चालवली, नाना. एकदाही न थांबता गेलो नाही. ब्रेक फेल झाला होता ना, तेव्हासुद्धा गाडी तिथंच येऊन थांबली."

"तुमची शेड जाईल."

"म्हणून काय शिंग्रोबाला चुकवू?"

गुलाबभाई तीन दिवस नीट जेवले नाहीत. चाची मला बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, काहीतरी करा. तो न थांबता गेला तर जन्मभर त्याच घाटात गाडी चालवताना घाबरेल. आणि थांबला तर मी कुठं जाऊ?"

शेवटी तोड आबांनी काढली. "मास्तरास्नी आदीच तितं हुबं करा. तुमचा पैसा त्येंच्याजवळ द्या. तुमी गाडीतनं नुसता हात करा, मास्तर टाकतील. देवाला पैसा पोचल्याशी मतलब."

गुलाबभाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी भोकाचा एक तांब्याचा पैसा घासूनपुसून माझ्या हातात दिला.

"तुम्हीच टाका," म्हणाले. "दुसऱ्या कोणाला देऊ नका."

*

मे महिन्यातली ती सकाळ. मी उजाडताच लॉरीनं येऊन देवळापाशी उभा राहिलो, मुठीत पैसा. नाना आणि आबा खंडाळ्याला थांबलेले, चाचीही हट्टानं त्यांच्याबरोबर गेलेली. खाली खोपोलीहून गुलाबभाई निघणार, शेजारी बॅरिस्टरसाहेब, खिशात कागद.

आधी भाता ऐकू आला. खालच्या वळणावर चढत गेलेला तो भोंगा. मग पातेलं चकाकलं. मग गाडी. काय सांगू, माझं चित्र रस्त्यावरून धावत येत होतं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

देवळासमोर आले तेव्हा गुलाबभाईंनी स्टिअरिंगवरचा उजवा हात काढला, कपाळाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मूठ उघडून दाखवली आणि पैसा टाकला. गाडी गेली. झालं, मी म्हटलं. जिंकलो.

आणि पन्नास पावलांवर, चढणीच्या मध्यात, गाडी थांबली.

इंजिन बंद पडलं म्हणावं तर भाता ओरडतच होता. गुलाबभाई जागचे हलले नव्हते; क्लचवरचा पाय काढला असता तर इंजिन बंद पडलं असतं. शेजारून बॅरिस्टरसाहेब उतरले. चष्मा कपाळावर, कोटावर धूळ, घाईघाईनं उतार उतरत माझ्याकडे आले. मला वाटलं, शेड मोकळी करायचा हुकूम आता मलाच ऐकवणार.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बूट काढले, देवासमोर गेले, खिशातून पैसा काढून ठेवला, हात जोडले. मग घाम पुसत वळले.

"पंचवीस वर्षं येतोजातो. कधी चुकवलं नाही," ते म्हणाले. "हा तुमचा मुलाणी थांबेचना. शेवटी हातब्रेक मीच ओढला."

ते बूट घालायला वाकले आणि तेव्हा कुठे त्यांना प्रश्न पडला.

"तुम्ही इथं काय करताय, मास्तर?"

"गुलाबभाईंचा पैसा टाकायला उभा होतो, साहेब. त्यांना थांबता येत नव्हतं. कलम तीन."

साहेबांनी वर गाडीकडे पाहिलं. गुलाबभाई मान न वळवता बसले होते. शेड गेली, एवढंच त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

"आणि माझा कोण टाकणार होतं?" साहेब म्हणाले.

"तुम्ही सांगितलं नव्हतं, साहेब."

ते देवळाच्या पायरीवर बसले. कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला, गुडघ्यावर पसरला, पेन उघडलं. तिसऱ्या कलमात 'कोणत्याही कारणास्तव' या अधोरेखित शब्दांपुढे त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'शिंग्रोबाचे देवस्थान वगळून.'

"साक्षीदार म्हणून सही करा," म्हणाले.

मी सही केली. ड्रॉइंग मास्तर असून अक्षर वाकडं आलं.

तारीख साहेबांनी स्वतः घातली. आदल्या दिवशीची.